गणपतीच्या रोषणाईसाठी पंधरा पीसीबी: एका छोट्या ऑर्डरचा पूर्ण हिशोब

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या पुण्यातल्या मंडळाची बैठक झाली आणि देखावा ठरला. बारा खांबांचा मंडप, प्रत्येक खांबावर पिक्सेल एलईडीच्या (ज्यातला प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो अशा) दोन माळा, आणि बाराही खांबांवरचा उजेड एका लयीत फिरला पाहिजे. कंट्रोलरचं काम माझ्याकडे आलं. मी नोकरीने इलेक्ट्रॉनिक्समधला नाही. शाळेत असताना लागलेला छंद आहे; घरी एक टेबल, बऱ्यापैकी सोल्डरिंग स्टेशन आणि सुट्या पार्टचे डबे आहेत.

आदल्या वर्षी चार कंट्रोलर मी झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं असलेल्या कोऱ्या बोर्डावर, बनवले होते. सातव्या रात्री पावसाची मोठी सर येऊन गेली आणि दोन खांब एकदम विझले. खाली आरती चाललेली आणि मी स्टुलावर उभा राहून मोबाईलच्या उजेडात बोर्डाच्या पाठीमागची वायर शोधतोय, कुठे सुटली ते. झिरो पीसीबीवर प्रत्येक जोडणी हाताने ओढलेल्या वायरची असते. चार बोर्डांत ते निभावतं. बारा बोर्ड, वर दमट हवा आणि दहा दिवस अखंड चालू, असं असेल तर निभावत नाही. म्हणून या वर्षी रीतसर छापलेले बोर्ड, म्हणजे जोडण्या तांब्यातच उतरवलेले पीसीबी, करून घ्यायचे ठरवलं. बारा लागणार आणि तीन राखीव, असे पंधरा. मंडळाने बोर्डांसाठी सहा हजार रुपये मंजूर केले. ही वर्गणीची रक्कम होती, त्यामुळे प्रत्येक रुपयाचा हिशोब मला पावतीसकट द्यायचा होता.

सर्किट अवघड नव्हतं. मधोमध ईएसपी३२ या वाय-फायवाल्या मायक्रोकंट्रोलरचं तयार मॉड्यूल. बारा मॉड्यूल आपसात ईएसपी-नाऊ या बिनतारी पद्धतीने बोलणार. पिक्सेलची चिप ५ व्होल्टवर चालते आणि डेटा 'हाय' समजायला तिला साधारण ३.५ व्होल्ट लागतात, पण ईएसपी३२ देतं ३.३. काही माळा तेवढ्यावर चालतात, काही मधेच लुकलुकायला लागतात. म्हणून मधे सिग्नल ५ व्होल्टपर्यंत उचलणारी एक चिप, ७४एचसीटी२४५. एका माळेत ५० पिक्सेल, पूर्ण पांढरा लावला तर प्रत्येकी जवळजवळ ६० मिलिअँपिअर, म्हणजे माळेला ३ अँपिअर आणि बोर्डाला ६. प्रत्येक माळेला वेगळा ४ अँपिअरचा फ्यूज, स्क्रू टर्मिनल, दोन मोठे कपॅसिटर. बस, एवढंच.

घरचा प्रयोग

पहिला बोर्ड मी घरीच काढला. चकचकीत कागदावर लेझर प्रिंट, ती इस्त्रीने तांब्याच्या शीटवर उतरवायची आणि मग प्लास्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक क्लोराइड, नको असलेलं तांबं विरघळवणारं रसायन. पावसाळी थंड हवेत तांबं खायला चाळीस मिनिटं लागली, मधूनमधून ट्रे हलवत राहावा लागला. पहिल्यांदाच बघणाऱ्या भाच्याला तांब्याखालून ट्रॅक (वायरीचं काम करणारे तांब्याचे पट्टे) उमटताना बघून फार मजा वाटली. सर्किट बरोबर आहे, हे त्या एका बोर्डाने सिद्ध केलं. पण असे पंधरा करायचे म्हणजे पंधरा वेळा इस्त्री, प्रत्येकी साठ-सत्तर होल हाताने, आणि शेवटी उघडं तांबं. हिरवा मास्क, म्हणजे वरचा संरक्षक थर, नसलेलं तांबं पावसाळी हवेत काळं पडतं. शिवाय वापरलेलं फेरिक क्लोराइड मोरीत ओतायचं नसतं. विरघळलेलं तांबं थेट नाल्यात जातं. माझ्याकडे त्याची झाकण घट्ट लावलेली बाटली अजून ठेवलेली आहे.

भोसरीतला कारखाना

तापकीर गल्लीत ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं पार्ट घेतो, त्यांनी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या पीसीबीवाल्यांचा पत्ता दिला. २४ जूनला दुपारची सुट्टी काढून गेलो. ती भेट या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवून गेली.

मालकांनी आधी कारखाना फिरवून दाखवला. एका खोलीत ड्रिलिंग मशीन, दोन-तीन शीट एकावर एक ठेवून एकदमच भोकं पाडत होतं. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाक्यांची रांग. डबल साइड पीटीएच, म्हणजे दोन्ही बाजूंना ट्रॅक आणि भोकांच्या आतही तांबं असलेल्या बोर्डाचं भोक पाडलं की आतली भिंत नुसती फायबरची असते, तिच्यातून वीज जात नाही. आधी रसायनाने त्या भिंतीवर तांब्याचा पातळ थर बसवायचा, मग विजेच्या टाकीत तो जाड करायचा. तेव्हा कुठे वरचा ट्रॅक खालच्या ट्रॅकला जोडला जातो. सिंगल साइड बोर्डाला या टाक्यांची गरजच नाही: छापा, खा, मास्क लावा, ड्रिल करा, कापा.

मग कागद घेऊन बसलो. "तुम्ही एक बोर्ड काढा नाहीतर पन्नास," ते म्हणाले, "फिल्म तेवढीच लागते, प्रोग्रॅम तेवढाच करावा लागतो आणि मशीनवर माणूस तेवढाच वेळ उभा राहतो." हे एक वाक्य समजलं की छोट्या ऑर्डरचं अर्धं गणित समजलं. बोर्डाच्या किमतीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक टूलिंग: फाईल तपासणं, फिल्म, स्क्रीन, ड्रिल प्रोग्रॅम. हा खर्च एकदाच होतो आणि नगांवर वाटला जातो. दुसरा माल आणि प्रक्रिया, जो चौरस सेंटीमीटरच्या दराने वाढतो. हजार बोर्डांच्या ऑर्डरीत टूलिंग दिसतही नाही. पंधराच्या ऑर्डरीत मात्र तेच सगळ्यात मोठं.

त्यांचे दर असे: सिंगल साइडला फिल्म आणि स्क्रीनचे १,२०० रुपये आणि वर चौरस सेंटीमीटरला ६५ पैसे. डबल साइड पीटीएचला टूलिंग ३,५०० आणि वर चौरस सेंटीमीटरला १ रुपया ६० पैसे. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

सर्किट साधं होतं म्हणून मी सिंगल साइड निवडलं. छंद करणाऱ्यांपैकी बरेच जण सवयीने डबल साइडच काढतात. माझा विचार होता की चार जंपर (ट्रॅकवरून उडी मारणारे वायरचे तुकडे) टाकून जे काम होतं त्याला प्लेटिंगच्या टाक्यांचे पैसे का द्यायचे? विचार चुकीचा नव्हता, आणि नुसता पॉवर सप्लाय किंवा रिलेचा बोर्ड असता तर मी आजही तेच करेन. ११२ बाय ८४ मिमीचे पाच नमुने सांगितले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "साहेब, गर्बर आल्या, ड्रिलची फाईल नाही." बोर्ड मांडायच्या किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये गर्बर (ट्रॅकचं चित्र कारखान्याला सांगणाऱ्या फायली) आणि ड्रिल ही दोन वेगळी बटणं आहेत आणि मी दुसरं दाबायला विसरलो होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, दहा मिनिटांत काम पुढे सरकलं. ओळखीच्या, जवळच्या कारखान्याचं हे सुख मोठं आहे. पाच बोर्डांचे जीएसटीसकट १,७७७ रुपये झाले आणि २ जुलैला बोर्ड हातात पडले.

दोन चुका

दोन्ही चुका माझ्या, आणि दोन्ही पहिल्याच संध्याकाळी कळल्या.

पहिली: ईएसपी३२चं मॉड्यूल सॉकेटमध्ये बसेना. बाजारात जी मॉड्यूल मिळतात त्यांच्या पिनांच्या दोन ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. काहींचं २२.८६ मिमी, काहींचं २५.४. इंटरनेटवरून घेतलेलं फूटप्रिंट (पार्टच्या पायांच्या जागांचा नकाशा) एकाचं आणि माझ्या हातातलं मॉड्यूल दुसऱ्याचं. अडीच मिलिमीटरचा फरक, आणि पाचही बोर्ड त्या जागी निकामी. घरी काढलेल्या बोर्डावर मी मॉड्यूल वायरींनी जोडलं होतं, त्यामुळे तिथे हे लक्षात आलंच नाही.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. वायरींनी मॉड्यूल जोडून एक बोर्ड कसाबसा चालू केला आणि माळेची वायर स्क्रू टर्मिनलमध्ये घट्ट आवळली. तिसऱ्यांदा वायर काढून परत लावताना टर्मिनल किंचित डुललं. बोर्ड उलटा करून भिंगातून पाहिलं तर सोल्डरसकट तांब्याचं पॅड फायबरपासून सुटून वर आलं होतं, वाळलेल्या रंगाचा पोपडा उठावा तसं. सिंगल साइडला पॅड फक्त एका बाजूने चिकटवलेलं असतं. स्क्रूड्रायव्हरचा सगळा पीळ त्या चिकटलेल्या चकतीवर येतो. पीटीएचमध्ये होलाच्या आत तांब्याची नळी असते, दोन्ही बाजूंना पॅड असतं, आणि सोल्डर भरलं की ती रिव्हेटसारखी पकड धरते. भोसरीत त्या टाक्यांसमोर उभा राहिलो तेव्हा मला फक्त वीज पोचवण्याचं काम दिसलं होतं. ताकदीचं काम टर्मिनल डुललं तेव्हा दिसलं.

मंडपात माळा लावणारी पोरं टर्मिनल हळुवार आवळणार नाहीत. शिडीवर उभं राहून कुणीच आवळत नाही. बोर्ड डबल साइडच हवा, हे तिथेच ठरलं.

आराखडा पुन्हा मांडला. खालची पूर्ण बाजू ग्राउंडला दिल्यामुळे जंपर गेले आणि बोर्ड आपोआप लहान झाला: ९८ बाय ७८ मिमी. इथे मी मुद्दाम १०० मिलिमीटरच्या आत राहिलो. कारण पुढे सांगतो. ६ अँपिअरच्या ट्रॅकला ३५ मायक्रॉन तांब्यावर, दहा अंशांपेक्षा जास्त तापू नये म्हणून, साधारण साडेतीन मिमी रुंदी लागते. मी पाच ठेवली, कारण रुंद ट्रॅकचे कारखाना जास्त पैसे घेत नाही. पैसे वाढतात ते बारीक ट्रॅकचे, बारीक होलांचे, वेगळ्या रंगाचे, सोन्याच्या मुलाम्याचे. मी ट्रॅक कुठेही ०.२५ मिमीपेक्षा बारीक ठेवला नाही, सगळ्यात लहान होल ०.४, रंग हिरवा, फिनिश साधं एचएएसएल (सोल्डरचा पातळ मुलामा), जाडी १.६ मिमी.

या वेळी ऑर्डर देण्याआधी आराखडा एकास एक मापात कागदावर छापला, जाड पुठ्ठ्यावर डकवला आणि प्रत्येक पार्टचे पाय त्यातून टोचून पाहिले. मॉड्यूल, टर्मिनल, फ्यूजहोल्डर, सगळं. फ्यूजहोल्डर कपॅसिटरला घासत होता, तो दोन मिमी सरकवला. कागद आणि पुठ्ठा मिळून पाच रुपयांचं काम आहे. जूनमध्ये केलं असतं तर १,७७७ रुपयांचे ते नमुने निदान चालवता आले असते.

पंधरा बोर्ड, चार दर

हाताशी राहिलेले पैसे ४,२२३. भोसरीत डबल साइडचा दर काढला: टूलिंग ३,५००, मालाचे सुमारे १,८३५, त्यावर जीएसटी, एकूण ६,२९५. बोर्डामागे ४२०. बसत नव्हतं.

दुसरा मार्ग पूलिंगचा. ज्या कारखान्यांकडे रोज शेकडो छोट्या ऑर्डरी येतात ते वेगवेगळ्या लोकांची डिझाईन एकाच मोठ्या पॅनेलवर शेजारी शेजारी मांडतात. १८ बाय २४ इंचांचं पॅनेल या धंद्यात नेहमीचं. त्यावर १०० मिमी चौरसाचे वीसेक बोर्ड बसतात. फिल्म, ड्रिलिंग, प्लेटिंग सगळ्यांचं मिळून एकदाच. त्यामुळे एकट्याच्या डोक्यावर टूलिंग पडत नाही. अट एकच: सगळ्यांचा बोर्ड एकाच जाडीचा, एकाच रंगाचा, एकाच फिनिशचा हवा. म्हणून तर हिरवा, १.६ मिमी आणि एचएएसएल. काळा किंवा जांभळा हवा असेल, तर पूलमधून बाहेर पडून वेगळे पैसे आणि बहुधा वेगळे दिवस.

भारतात असं काम घेणारे आहेत. गुजरातेत गांधीनगरला पीसीबी पॉवर, बंगळुरूला लायन सर्किट्स. दोघेही संकेतस्थळावर फाईल टाकली की दर दाखवतात. चीनच्या शेन्झेनमधली जेएलसीपीसीबी आणि चीनमधलीच पीसीबीवे यांची नावं तर छंद असलेल्या प्रत्येकाला माहीत आहेत. जेएलसीपीसीबीचा पाच बोर्ड दोन डॉलरना हा दर प्रसिद्ध आहे, पण तो १०० बाय १०० मिमीच्या आतल्या बोर्डाला. ती रेघ ओलांडली की दर उडी मारतो. माझा पहिला ११२ मिमीचा आराखडा त्या उडीत सापडला असता. अमेरिकेतल्या ओश पार्कचं गणित वेगळं: चौरस इंचाला पाच डॉलर, त्यात तीन नग. अंगठ्याएवढ्या बोर्डाला हा दर सुरेख आहे. माझा बोर्ड जवळजवळ बारा चौरस इंचांचा, म्हणजे तीनच नगांना एकोणसाठ डॉलर. त्यामुळे तो विचार लगेच सोडला.

राहिले दोन. भारतातल्या एका पूलिंगवाल्याचा दर: पंधरा बोर्ड, तपासणीसकट २,९५०, कुरिअर १५०, वर जीएसटी, एकूण ३,६५८. शेन्झेनचा: बोर्ड साडेनऊ डॉलर, कुरिअर साडेएकोणीस, म्हणजे त्या वेळच्या ८६ रुपयांच्या भावाने सुमारे २,५००. पण तो आकडा पूर्ण नाही. माल इथे उतरला की १८ टक्के आयजीएसटी, आणि कस्टममधून सोडवून आणण्याची कुरिअर कंपनीची वेगळी फी. आधीच्या पावत्या काढून पाहिल्या, तर एवढ्या पार्सलला ही भर हजार-अकराशेची पडते. म्हणजे ३,६००. फरक उरला साठ रुपयांचा!

नवख्या माणसाची फसगत नेमकी इथे होते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. दोन डॉलर पाहून कॉलेजातली मुलं ऑर्डर देतात आणि दारात आलेल्या कुरिअरवाल्याने बोर्डाच्या कित्येक पट रक्कम मागितली की हिरमुसतात. त्यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. दर खराच असतो, पण तो कारखान्याच्या दारातला असतो.

मग निवड दिवसांवर आली. आदल्या वर्षी माझ्या मित्राचं असंच एक पार्सल केवायसीच्या कागदांत अकरा दिवस अडकलं होतं. कुणीतरी एक ई-मेल वाचायचा राहिला, एवढंच कारण. एरवी अकरा दिवसांनी काही बिघडत नाही. चतुर्थी मात्र पुढे ढकलता येत नाही. साठ रुपये जास्त देऊन मी भारतातली ऑर्डर दिली, १४ जुलैला. जूनमध्येच नीट आराखडा तयार असता तर कदाचित शेन्झेन निवडलं असतं.

माझ्या दुसऱ्या एका, माइकच्या छोट्या बोर्डाचा आराखडा त्याच फाईलमध्ये कोपऱ्यात बसवून फुकटात काढून घ्यायचा मोह झाला होता. संकेतस्थळावरच्या अटी नीट वाचल्या: एका फाईलमध्ये दोन वेगळी डिझाईन असली तर त्याचे जास्त पैसे. तो बेत सोडला.

हातात आल्यावर

२५ जुलैला, कामाच्या नवव्या दिवशी, खोका आला. पंधरा बोर्ड, प्लास्टिकमध्ये घट्ट आवळलेले. सोल्डरिंगला हात घालण्याआधी प्रत्येक बोर्ड ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला. होल पॅडच्या मधोमध आहे की एका कडेला सरकलंय, ते अशा उजेडात चटकन दिसतं. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंड तपासले. पंधराही गप्प, म्हणजे कुठेही शॉर्ट नाही. भाच्याने एक टर्मिनल सोल्डर करून मुद्दाम दहा वेळा आवळलं, सोडलं, आवळलं. हललं नाही.

बोर्डांवर एकूण खर्च झाला ५,४३५ रुपये, त्यातले १,७७७ माझ्या पुठ्ठा न वापरण्याचे. ती रक्कम मी वर्गणीतून घेतली नाही. खजिनदारांनी पावत्या बघून "अहो, शिकण्याचा खर्च मंडळाचाच" असं म्हटलं, पण माझ्या मनाला ते पटलं नाही.

दहा दिवसांत पाऊस दोनदा धो धो पडला. पाचव्या खांबाचा एक फ्यूज गेला, माळेत पाणी शिरलं होतं म्हणून. फ्यूज आणि माळ बदलली, बोर्ड तोच राहिला. ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, बाराही खांब पेटलेले असताना मूर्ती मंडपातून निघाली. तेव्हा मी ढोलांच्या मागे उभा होतो आणि काही वेळ वर बघतच राहिलो.

राखीव तीनपैकी एक बोर्ड शेजारच्या मंडळाला दिला, गर्बर आणि ड्रिल दोन्ही फायलींसकट. भाच्याने नंतर स्वतःचा पहिला बोर्ड मांडला: टेबलावरच्या घड्याळाचा, ४५ बाय ३० मिमी, पाच नग पुरे. त्याला कसलीही तारीख गाठायची नव्हती, त्यामुळे या वेळी शेन्झेन, आणि कुरिअरचा सगळ्यात संथ पर्याय. मी फक्त एवढंच विचारलं, "कागदावर छापलास का?" त्याने दप्तरातून पुठ्ठा काढला. चारही कोपऱ्यांना भोकं पडलेली होती आणि मधोमध घड्याळाची चिप टोचून बसवलेली.